चौथ्या वर्षाचा उपास

तिघांपैकी कोणीच बोलत नव्हते. श्रवणकक्षातला पंखासुद्धा हेमांगीने बंद केला होता. भाद्रपदातले पितळी ऊन जाळीच्या खिडकीतून आत येऊन टेबलावरच्या छापील प्रमाणपत्रावर थांबले होते; वाचता येत नसलेल्या माणसाने कागदाकडे टक लावून पाहावे, तसे. तिच्या कानांवर हेडफोन होते. पडद्यावर धान्याच्या अकरा कोठड्यांच्या अकरा रेषा होत्या, आणि त्या अकराही पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या.

समोर डॉ. विश्राम केळुसकर बसले होते. बहात्तर वर्षांचे, इस्त्रीच्या खादीतले, हातातल्या पेनाचे टोपण काढून ठेवलेले. एके काळी ते हेमांगीचे मार्गदर्शक होते. आजही त्यांच्यासमोर बसताना तिची पाठ आपोआप ताठ होई. दाराच्या चौकटीला टेकून कलावती लवटे उभी होती. एकोणचाळीस गावांच्या बियाणे मंडळाची ती अध्यक्ष. बाहेर अंगणात अठरा ट्रक तिच्याच शब्दाखातर सकाळपासून खोळंबले होते.

शेवटी कलावतीलाच ते मौन असह्य झाले.

"मॅडम, पोरगी बघाय आल्यावानी किती येळ गप बसायचं वो? होय म्हना, न्हाईतर न्हाई म्हना. मधल्यामधी चा निवतोय."

केळुसकर हसले. हेमांगी हसली नाही.

"एक कोठडी राहिली आहे अजून," ती म्हणाली. ते खोटे होते.

"हे धान्य तीन वर्षं ऐकते आहेस," केळुसकर शांतपणे म्हणाले. "आणखी एका तासात निराळं काय ऐकू येणार?"

कलावतीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "तुमचं गुरु-शिष्याचं चालू द्या. मी डायवर लोकास्नी चा देते. पर मॅडम, पाऊस दोन वर्सं झाली तोंड दावंना. औंदा हस्ताचा थेंब पडला तर पेरायचाय, आन् तवर खायालाबी हेच हाय. ह्ये ध्येनात ठिवा." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

भीमेच्या काठच्या त्या कोठारात तीनशे टन ज्वारी होती. काही बियाण्याची, बाकीची खाण्याची. एकोणचाळीस गावांनी चांगल्या सालात एकत्र साठवलेली. आज प्रमाणपत्रावर सही झाली की ती गावोगावच्या कणग्यांत आणि पिंपांत जाऊन पडणार होती. सही हेमांगी वाघचौरेची लागत असे, कारण कोठार ऐकण्याचे काम तिचे होते.

धान्य ऐकता येते. ज्वारीच्या दाण्याच्या आत अळी बसलेली असते, तेव्हा ती बाहेरून दिसत नाही; दाणा वरून सुरेख, मोत्यासारखा असतो. पण ती कुरतडते, आणि तिच्या जबड्यांच्या प्रत्येक हालचालीगणिक दाण्याच्या भिंतीला सूक्ष्म कंप सुटतो. कोठडीत खोलवर रोवलेल्या सळया तो कंप टिपतात, यंत्र तो माणसाच्या कानाला पेलेल इतका मोठा करते, आणि ऐकणाऱ्याला काळोखात कोणीतरी वाळकी काडी मोडत असल्याचा भास होतो. टिक्. टिक्-टिक्. हजारो जबडे एकदम चालू लागले, की तोच आवाज तापलेल्या तव्यावर मीठ टाकल्यासारखा होतो. हेमांगीने तो आवाज उमेदीच्या वर्षांत इतका ऐकला होता, की कधीकधी स्वतःच्या विचारांतही तिला तो ऐकू येई.

ते दिवस धुरीचे होते. फॉस्फीनच्या गोळ्या टाकायच्या, ताडपत्री ओढायची, आठवडाभर कोणी फिरकायचे नाही. पुढे किडे त्या विषाला सरावले. मात्रा वाढली, मुदत वाढली, एकदोन हमालांचे प्राण गेले. पण सोंडकिडे ताडपत्रीच्या घडीतून खुशाल बाहेर पडत राहिले. त्या हतबलतेच्या काळात केळुसकरांनी तिसाळी आणली.

तिसाळी म्हणजे पेढ्याएवढी मातीची वडी. तिच्यात वेखंडाच्या गड्ड्यातले अर्क-द्रव्य भरलेले असे. ते द्रव्य खरोखरीच्या वेखंडातून काढत नसत. एका यीस्टला ते बनवायला शिकवले होते, आणि त्यातला माणसाला अपायकारक ठरणारा भाग शिकवतानाच वगळला होता. वडी सलग तीन वर्षे मंद मंद उडत राही. तिच्या वासात किड्याची मादी जगे, चाले, पण तिच्या पोटात अंडी धरत नसत. एक पिढी म्हातारी होऊन संपे, आणि मागे कोणी उरत नसे. मारणे नाही, धूर नाही, हमालाच्या फुप्फुसात काही जाणे नाही. पहिली तिसाळी याच कोठारात बसली, त्याला नऊ वर्षे झाली होती. आता ती अकरा राज्यांत होती. प्रत्येक खोक्यावर एका म्हाताऱ्या बाईचे चित्र होते: नाकात नथ, कपाळावर गोंदण, हातात सूप. ती सोनाबाई लवटे, कलावतीची सासू. पहिली तिसाळी बसली त्याच वर्षी ती वारली, पण त्याआधी खोक्यावरचे आपले चित्र तिने पाहिले होते आणि विचारले होते, "ह्यात मी एवढी रागानं का बघतीया?"

एकवीस वर्षांपूर्वी, ती चोवीसची असताना, हेमांगीच सोनाबाईकडे गेली होती. पाठीवर पिशवी, हातात प्रश्नावली. सोनाबाईची ज्वारी कधी किडत नसे, ही गोष्ट पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. प्रश्नावलीत रकाने होते: वापरलेली वनस्पती, वनस्पतीचा भाग, प्रमाण. सोनाबाई त्या वर्षी वेखंड कुटत बसली होती. हेमांगीने लिहिले: वेखंड, गड्डा, मणाला मूठभर.

"आन् फुडल्या साली राख," सोनाबाई सांगत राहिली. "त्याच्या फुडं लिंबाचा पाला. आन् चौथ्या वर्सी कणगीला उपास."

"उपास?"

"मोकळी ठिवायची. शेण-माती खरवडून काढायची, वैशाखाच्या उन्हात उताणी टाकायची. ज्वारी जावंच्या घरी. जावंचा उपास आला की तिची आमच्याकडं. कायम पंगत मांडलेली दिसली, की पावणा उठतोय व्हय? त्येला आपला नेम कळू द्यायचा न्हाई, पोरी."

हेमांगीला ते फार आवडले होते. तिने ते वहीत अक्षरशः उतरवून घेतले. पण प्रबंधात त्यासाठी रकाना नव्हता. केळुसकरांनी टाचण वाचून म्हटले होते, "लोककथा म्हणून छान आहे. परीक्षकांना एक क्रियाशील द्रव्य लागतं, हेमांगी." एक द्रव्य तिच्याजवळ होते. वही माळ्यावर गेली.

तिची अस्वस्थता तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली. सातव्या कोठडीच्या भिंतीत एक चीर होती, पाटीवरच्या रेघेएवढी. झाडताना त्या चिरेतून काहीतरी भुरभुरले. तळहातावर घेऊन तिने भिंगाखाली पाहिले: तपकिरी, केसाळ, पोकळ साली. खपरा भुंगेऱ्याच्या अळीच्या काती. एखाददुसरी नव्हे, एकाच चिरेत चाळीसएक.

मेलेला किडा कात टाकत नाही.

खपऱ्याची अळी हा एक विलक्षण जीव आहे. परिस्थिती फिरली, वास बदलला, अन्न कडू झाले, की ती वाढ थांबवते, एखाद्या फटीत शिरते आणि निजते. महिने, वर्षे. त्या निद्रेत तिचा श्वास जवळजवळ लागत नाही. कोणतेही विष शिरायला जी वाट हवी, तीच ती मिटून घेते. अधूनमधून एखादी कात टाकते, इतकेच. आणि ती निजलेली असताना कुरतडत नाही. म्हणजे तिचा आवाज नाही.

हेमांगीने चिरांतले झाडण गोळा केले, एका डब्यात भरडलेल्या ज्वारीत टाकले, आपल्या क्वार्टरच्या पत्र्याखाली ठेवले आणि त्यात एक सळई रोवली. नियमाप्रमाणे तिसाळी काढल्यावर धान्य आठ दिवस मोकळ्या हवेवर ठेवून मग ऐकायचे असते. आठ दिवस डबा मुका होता. नववा, दहावा, अकरावा दिवस मुका गेला. बाराव्या दिवशी दुपारी ती भाकरीचा घास मोडत असताना टेबलावरच्या यंत्रातून आवाज आला. टिक्.

घास तिच्या हातातच राहिला.

तिने डब्यात तिसाळी ठेवली; दोन दिवसांत शांतता. काढली, तर आवाज यायला आता बारा दिवस लागले नाहीत, पाचच लागले. झोपणे आणि उठणे, दोन्हीत ती जात तरबेज झाली होती. जी जागी राहिली ती नऊ वर्षांत निपुत्रिक संपली. जिने झोप घेतली, तिचाच वंश उरला. वेखंडाच्या वासाला नऊ वर्षांत कधी सुट्टी मिळाली नव्हती, आणि म्हणून या भिंतींत फक्त झोपाळूंचे घराणे नांदत होते. आठ दिवसांच्या नियमाने ते कोणालाही कधी ऐकू आले नसते. इथे नाही, आणि त्या अकरा राज्यांतही नाही.

आता तो डबा तिने टेबलाच्या खणातून काढून केळुसकरांसमोर ठेवला, सळई जोडली आणि स्वतःच्या कानांवरचे हेडफोन त्यांच्या हातात दिले. तीन आठवड्यांचा सारा वृत्तान्त तिने चार वाक्यांत सांगितला.

केळुसकर बराच वेळ ऐकत राहिले. त्यांनी डोळे मिटले. यंत्राचा आवाज वाढवला, आणखी वाढवला. पडद्यावर डब्याची रेषा काटेरी कुंपणासारखी उठत होती. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटले नाही.

"मला काही ऐकू येत नाही," ते अखेर म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. तो आवाज फार बारीक सुराचा असतो, आणि त्या सुरापुरते त्यांचे कान केव्हाच म्हातारे झाले होते. हे दोघांनाही एकाच क्षणी उमगले. हेमांगीने नजर खिडकीकडे वळवली.

"पडद्यावर दिसतं आहे, सर."

"दिसतं आहे." त्यांनी हेडफोन हलकेच खाली ठेवले. "एका डब्यात, भरडलेल्या धान्यात, तू मुद्दाम जागवलेल्या अळ्या. कोठडीत त्या किती आहेत, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"आणि सही केली नाहीस तर काय होईल, ते ठाऊक आहे?"

"बाहेरचं धान्य यायला सहा आठवडे. हस्त जाईल, पेरणी जाईल."

"माणसं उपाशी राहतील, हेमांगी. अळी आज झोपलेली आहे; भूक झोपत नाही."

"आणि सही केली तर? एकोणचाळीस गावांत एकही तिसाळी नाही, सर. तिथं त्या बारा दिवसांत उठतील. आहे तेवढ्याचं पीठ करतील, मग शेजारच्या पिंपात शिरतील. आणि मग त्यांच्यावर तुमचं वेखंड पुन्हा कधीच चालणार नाही. कुठंच नाही."

केळुसकरांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. "तुमचं म्हणालीस. इतकी वर्षं 'आपलं' म्हणत होतीस." मग अगदी खालच्या पट्टीत: "सोनाबाईंनी वेखंड सांगितलं. आपण वेखंड घेतलं. यात कोणाचा अपराध झाला?"

"त्यांनी चार गोष्टी सांगितल्या होत्या."

"तुझ्या प्रबंधात एक आहे."

"तुम्ही म्हणाला होतात..."

"मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "लिहिलं नाहीस, ते तू."

ते वाक्य निर्दय नव्हते. ते केवळ खरे होते. उन्हात ठेवलेल्या भांड्यासारखे, हात लावला की कळणारे. हेमांगीने प्रमाणपत्र पुढ्यात ओढले. त्यावर दोनच पर्याय छापलेले होते: कोठार निःशब्द, कोठार सशब्द. तिने दोन्ही शब्दांवर रेघ मारली आणि खाली लिहिले: कोठार निजलेले आहे. धान्य गावांत नेऊ नये. अकरा राज्यांना हेच कळवावे. मग तारीख घालून सही केली.

"तू माझी चाळीस वर्षं खोडलीस," केळुसकर म्हणाले. ते उठले नाहीत. त्यांनी पुन्हा हेडफोन कानांवर चढवले आणि डब्याकडे पाहत बसून राहिले. आपल्याला न ऐकू येणारे काहीतरी, निदान बसून राहिल्याने तरी ऐकू येईल, म्हणून. तिच्या मनात आले, त्यांच्याजवळ थांबावे. पण अंगणातले काम अजून अवघड होते, आणि ते टाळले तर पुन्हा धैर्य होणार नव्हते.

अंगणात कलावती एका ड्रायव्हरची हजेरी घेत होती. "पावणं, तुमचा ट्रक हाय का पाळणा? निजून निजून सीट खोल गेली की!" हेमांगीला पाहताच तिचा चेहरा उजळला. "झाली सही?"

"झाली. पण ट्रक जाणार नाहीत."

हेमांगीने सगळे सांगितले. चीर, काती, डबा.  चहाची किटली कलावतीने अलगद जमिनीवर ठेवली.

"म्हंजी आत्याबाईंचं वेखंड खोटं पडलं?" तिने विचारले. सासूला ती आत्याबाई म्हणे. "धा गावात मी सांगत फिरले वो. आमच्या आत्याबाईंनी मुलूख राखला म्हनून."

"त्यांचं काहीच खोटं पडलं नाही. त्यांनी राख सांगितली होती, पाला सांगितला होता, चौथ्या वर्षाचा उपास सांगितला होता. मला सांगितला होता. मी लिहून घेतला, आणि पुढे कोणाला दिला नाही. एकट्या वेखंडाला आम्ही नऊ वर्षं राबवलं. चूक माझी आहे, कलावतीबाई."

 कलावती संथपणे म्हणाली, "दुसरी तिसाळी बसवली, तवा मी तुमास्नी इचारलं होतं. ह्याच पायरीवर. मॅडम, औंदा कोठार मोकळं ठिवायचं न्हाई का? तुमी हासला."

"हो."

"म्हनला, आता त्याची गरज न्हाई. मला वाटलं, शिकलेली मानसं, ह्यांनी त्यातूनबी काय तरी काढलं असंल. मी घरच्या कणगीचाबी उपास मोडला त्या साली. तुमच्या हासण्यावर मोडला."

हेमांगीला वाटले, तिने ओरडावे. कलावती ओरडली नाही. तिने मान वर करून उन्हाकडे पाहिले. बाजारात कापड पारखावे, तसे बोटांनी चाचपल्यागत.

"खपऱ्याला ऊन सोसत न्हाई," ती म्हणाली. "आत्याबाई सांगायच्या, डांबरावर पाय ठरंना झाला की त्योबी ठरंना. नवा बाह्यवळण रस्ता अजून बंदच हाय न्हवं? चार मैल डांबर पडलंय मोकळं. खायची ज्वारी पातळ पसरायची, दोन दिस. बियाण्याची ताडपत्रीवर, निस्ती सकाळची, कोंब मरू ने म्हनून. मग चाळायची. अळ्या, काती, समदं चाळणीखाली. जाळून टाकायचं."

हेमांगी थक्क होऊन ऐकत होती. डांबर दुपारी साठ अंशांपर्यंत तापते, आणि पंचावन्नाच्या पुढे झोपलेली अळीसुद्धा तासाभरात मरते, हे तिला आकड्यांत ठाऊक होते. आकड्यांना रस्ता मात्र सुचला नव्हता.

"तीनशे टन आहे," ती म्हणाली.

"गावं एकोणचाळीस हायत." कलावतीने कमरेचा फोन काढला होता. "शेवंते, ऐक. सूप, चाळण, ताडपत्री, घरात आसंल ती बाई. आगं लगीन न्हाई कुनाचं! उद्याच्याला उजाडायला रस्त्यावर. न्हाई, जेवन इथंच. कुनाच्या घरचं काय ईचारतीस, रस्त्यावरच पंगत." तिने दुसरा नंबर लावला, मग तिसरा. आवाज ठाम होता, हिशेबी होता, त्यात रडणे नव्हते. ड्रायव्हरांना तिने हातानेच खुणावले: ट्रक उलटे लावा, रस्त्याच्या तोंडाशी. पेरणी चार-सहा दिवस मागे जाईल, तिने कुणाला तरी सांगितले, जाऊ दे, हस्त काही रेल्वे नव्हे. आणि कोठार? ते तर आता साल-दीड साल रिकामेच राहणार, खरवडून, दारे सताड उघडी टाकून.

फोन संपले. अंगणात इंजिनांची घरघर सुरू झाली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये ती किटली होती. आता काही बोलायचे उरले नव्हते, आणि तरीही हेमांगीच्या आत काहीतरी कुरतडत होते, ज्याला रकाना नव्हता. आपण हे विचारू नये, हे तिला कळत होते. विचारणे म्हणजे आपल्या ओझ्याचे एक टोक समोरच्या हातात देणे, हेही कळत होते.

"कलावतीबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी हसले, ते चुकलंच. पण त्यानंतरही सहा वर्षं आपण रोज भेटत होतो. तुम्ही मला पुन्हा एकदा का नाही विचारलंत?"

कलावतीने तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग होता की कीव, हे हेमांगीला ओळखता आले नाही. मग तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, वळली, आणि मागे सरकणाऱ्या ट्रकला हाताने दिशा दाखवत, उन्हातून, रस्त्याकडे चालत गेली.